तंबूची तालीम

हा प्रवास खरं म्हणजे माझ्या मुलीचा. तिकीट तिचं, मैत्रिणी तिच्या, गाणीही तिचीच; त्यातलं एकही मला धड ऐकवत नाही. मी फक्त गाडी चालवली. पण परत आल्यापासून जो तो विचारतोय, "कसं असतंय ओ तिथं?" आणि सईला विचारावं तर ती "भारी" एवढंच सांगते. म्हणून मी पाहिलं तेवढं लिहितो. त्यातलं बरंचसं मी गाड्या लावायच्या माळावरून पाहिलंय, हे आधीच सांगून ठेवतो.

कोल्हापूर

माझा धंदा मांडवाचा. लग्न, बारसं, गणपती, कुस्त्यांचं मैदान. बांबू, कापड आणि दोरी यांच्यात माझा जन्म गेला. त्यामुळं सईनं जेवताना सांगितलं की तिला आणि तिच्या दोघी मैत्रिणींना साताऱ्याच्या वरच्या डोंगरात एका संगीत महोत्सवाला जायचंय आणि तिथं तंबूत मुक्काम करायचाय, तेव्हा निदान तंबू या शब्दाला मी घाबरायला नको होतं. तरी हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"तंबूत म्हणजे? मांडवाखाली? सगळे एकत्र?"

"मांडव नाही ओ बाबा. ज्याचा त्याचा तंबू. आमचा तिघींत एक."

"आणि आंघोळ?"

"नाही केली दोन दिवस तर काय होतंय?"

माझी बायको वैशाली शाळेत शिकवते. कुठल्या गोष्टीला किती घाबरायचं याचा तिचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला आहे. ती म्हणाली, "जाऊ दे की. आता कॉलेजात गेली ती."

माझ्या घाबरण्याला कारण होतं. सई सहावीत असताना तिला मधुमेह झाला. उतारवयात होतो तो नव्हे. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन तयार करणंच बंद करतं. तेव्हापासून ती रोज जेवायच्या आधी पोटात सुई टोचून घेते. टोचून घेतलं आणि जेवायला उशीर झाला, किंवा अंगाला जास्त श्रम झाले, की साखर उतरते. हातपाय कापतात, घाम फुटतो, माणूस चिडचिडं होतं आणि वेळेत गोड काही पोटात गेलं नाही तर शुद्ध हरपते. एवढ्या वर्षांत हे तिला नीट जमतं. पण ते घरात. पलीकडच्या खोलीत मी असताना.

"तुझ्या मैत्रिणींना माहीत आहे का?" मी विचारलं.

सई ताटात बघत राहिली. मला उत्तर कळलं.

शाळेत सगळ्यांना माहीत होतं. वाढदिवसाला कुणाकडं गेली की तिथल्या बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "सईसाठी वेगळं काढून ठेवलंय हं, बिचारी." त्या 'बिचारी'ला पोरगी इतकी विटली की कॉलेजात गेल्यावर तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. सुई ती बाथरूममध्ये जाऊन घ्यायची.

"त्यांना सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही," मी म्हणालो.

"सांगतो की. पण मी सांगणार. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

(कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात. बाहेरच्यांना त्याचं नवल वाटतं. पुढं महोत्सवाच्या दारात पुण्याची एक मुलगी सईचं "मी आलो" ऐकून मागं कोण मुलगा उभा आहे का ते बघत होती.)

शेवटी असं ठरलं की आधी एकदा जवळपास मुक्काम करून बघायचा. तालमीत उतरल्याशिवाय पोराला मैदानात सोडत नाहीत, तसं. गाडी मी चालवायची, तंबूपासून लांब राहायचं आणि साखरेविषयी तोंड उघडायचं नाही. सईनं मैत्रिणींना तिथं सांगायचं.

मधले दिवस मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. दुकानात बसलो की फोनवर त्या डोंगरावरचं हवामान बघायचो. येताजाता बॅटऱ्या विकत घ्यायचो. वैशाली म्हणाली, "आणखी एक बॅटरी? पोरगी खाणीत चाललीय का?"

गगनबावड्याची वाट

डिसेंबरातली सकाळ होती. रंकाळ्यावर धुकं होतं. दोघी मैत्रिणी वेळेवर आल्या. प्रणाली गडमुडशिंगीची, घरी म्हशींचा गोठा, आवाज शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. तिच्या खांद्यावर धान्याचं पोतं असावं तशी पिशवी होती आणि पिशवीत आईनं दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची बरणी. दुसरी मिनाज. तिच्या वडिलांचं, सलीमभाईंचं, गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. ती कमी बोलणारी, पण गाण्यांतलं सगळं तिला माहीत. महोत्सवाचं खूळ मुळात तिचंच.

गगनबावड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. तोड चालू होती. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर भरलेला ऊस आणि त्या उसावर लावलेला मोठ्या आवाजाचा कर्णा. मागं अडकलं की सुटका नाही. कळे गाव सोडल्यावर एका वळणावर गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि प्रणाली ओरडली, "काका, थांबवा की गाडी! गरम गूळ खाऊन जाऊया."

मी आरशातून सईकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी गाडी थांबवली. नाही थांबवली तर का नाही, ते सांगावं लागलं असतं.

गुऱ्हाळवाला बरा माणूस होता. काहिलीतला रस उकळून लाल झाला होता. त्यानं उसाच्या कांडीला चिकटवून गरम गुळाचा गोळा एकेकीपुढं धरला. प्रणाली आणि मिनाज फुंकर मारत खायला लागल्या.

"घे की," प्रणाली म्हणाली.

"मला गूळ आवडत नाही," सई म्हणाली.

गुऱ्हाळवाला हातातलं काम सोडून बघायला लागला. "कोल्हापूरची हाईस न्हवं तू?"

सगळे हसले. सईही हसली. मी हसलो नाही. 'आता सांग,' मी मनात म्हणत होतो, 'आता किती सोपं आहे.' तिनं सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर मिनाज म्हणाली, "सई, तुला काही आवडतच नाही ग." त्यावर ती परत खिडकीबाहेर बघायला लागली, ते असळज येईपर्यंत.

तात्यांचं खाचर

मुक्कामाची जागा माझ्या ओळखीची. गगनबावड्याच्या अलीकडं आत एक वाडी आहे. तिथल्या तात्यांच्या मुलाच्या लग्नाचा मांडव मी घातला होता. भात काढून मोकळं झालेलं त्यांचं खाचर, खाली ओढा, समोर डोंगराची भिंत. तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावणं, एवढं घर असताना ह्या पोरी भाईर कशापायी झोपत्यात?"

"पुढं गाण्याच्या कार्यक्रमाला जायचंय, तिथं असंच झोपायचं असतंय. त्याची सवय."

"म्हंजे झोपायची सवय करायला आल्यासा." ते घरात वळून बायकोला म्हणाले, "आक्का, पाहुण्यास्नी झोपाय शिकवायचं हाय."

तंबू उभारायची वेळ आली तेव्हा मी पुढं झालो. धंदाच माझा. पण त्या पिशवीतून निघाल्या वाकणाऱ्या बारीक काड्या आणि वाऱ्यानं उडेल असलं पातळ कापड. मांडवाला आधी खांब, मग कापड. इथं आधी कापड जमिनीवर पसरून त्यात काड्या ओवायच्या. मी एक काडी ओवली, दुसरी ओवताना पहिली सुटून प्रणालीच्या नाकावर बसली. तिला लागलं नाही, पण ती एवढ्यानं ओरडली की तात्यांचं कुत्रं भुंकत आलं.

"बाबा, तुम्ही लांब राहायचं ठरलंय," सई म्हणाली.

मी बांधावर जाऊन बसलो. तिघींनी फोनवर बघून, भांडून, एकदा पूर्ण उलटा उभा करून, शेवटी तो तंबू उभा केला. दार नेमकं वाऱ्याच्या तोंडाला आलं होतं. ते दिसूनही मी बांधावरची माती उकरत राहिलो. वैशालीला फोन लावला, ती म्हणाली, "अजून एक दिवस पण झाला नाही ओ तुम्हाला."

दिवस कलायला लागला तशी सई आमच्या व्हॅनजवळ आली. तिचं इन्सुलिन मी सांभाळत होतो. ते गार राहावं लागतं, उन्हात ठेवून चालत नाही, म्हणून मी लग्नात थंड बाटल्या ठेवायची आमची मोठी पेटी आणली होती. लादी फोडून बर्फ भरला होता आणि त्यात, अगदी मधोमध, इन्सुलिनची पेनं ठेवली होती. यापेक्षा काळजी कुणी घेतली नसती.

सईनं पेटी उघडली. पेन बाहेर काढलं, उजेडासमोर धरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, हे गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गोठलं. बर्फाला लागून ठेवलं की गोठतंय. गोठलेलं इन्सुलिन कामाचं नाही, फेकून द्यायचं." तिनं दुसरंही बघितलं. "दोन्ही गेली."

वाडीत औषधाचं दुकान नाही. गगनबावड्यात मिळेल की नाही, कोल्हापूरला परत जायचं तर घाट नसला तरी उसाच्या ट्रॉल्यांतून, आणि पोरीच्या जेवणाची वेळ झालेली. मी किल्ली शोधायला लागलो. किल्ली हातातच होती.

"कुठं चाललाय?" सईनं आपल्या पाठीवरच्या पिशवीतून एक निळी कापडी थैली काढली. ती ओली होती. "ही पाण्यात भिजवली की आतलं आपोआप गार राहतंय. यात दुसरी पेनं आहेत. मी आणली होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढी पेटी घेऊन आलाय. कसं सांगणार?"

ती चिडली नव्हती, हेच मला जास्त लागलं. ती व्हॅनच्या आड गेली आणि सुई घेऊन आली. तंबूपाशी मिनाजनं विचारलं, "काय झालं?" सई म्हणाली, "काही नाही, बाबांची किल्ली सापडत नव्हती."

रात्रीचं जेवण आक्कांनी करू दिलं नाही कुणाला. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वर प्रणालीचं तूप. आमच्याकडं तांबडा-पांढरा केल्याशिवाय पाहुणा जेवला असं वाटत नाही, पण थंडीत त्या पिठल्यानं जे केलं ते मटणानं केलं नसतं. मी व्हॅनमध्ये झोपलो. झोपलो म्हणायचं इतकंच.

सकाळी खाचर दवानं पांढरं झालं होतं. ठरल्याप्रमाणं न्याहारी पोरींनी स्वतः करायची होती. लहान गॅसवर पोहे. सई तंबूत जाऊन आली. सुई घेतली असणार, हे मला कळलं. पोहे झालेच होते. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, तंबूचं उघडं दार फडफडून गॅसवर आलं, मिनाजनं घाबरून ते ढकललं आणि पातेलं कलंडून सगळे पोहे मातीत.

"आत्ता करतो परत," प्रणाली म्हणाली आणि कांदा चिरायला बसली.

मी बांधावर होतो. सुई घेऊन झालेली, खायला काही नाही. मी मनात वेळ मोजायला लागलो. सई उठेल, पिशवीतून काही काढेल, असं वाटत होतं. ती बसूनच होती. मग एकदम मिनाजवर खेकसली, "साधं पातेलं धरता येत नाही का तुला?"

मिनाजचा चेहरा उतरला. प्रणालीनं सुरी खाली ठेवली. "ए, तिच्यावर कशाला वराडतीस? वारा तिनं सोडला काय?"

"तू गप बस!"

माझी मुलगी असं बोलत नाही. एवढ्या थंडीत तिच्या कपाळावर घाम दिसत होता. मी उठलो. शब्द दिला होता म्हणून बसलो. पुन्हा उठलो आणि व्हॅनकडं पळालो, कारण ग्लुकोजचा पुडा तिथं होता. पुडा घेऊन खाचरात उडी मारली, घसरलो, गुडघा फुटला, तसाच धावत गेलो.

मी पोचलो तेव्हा सई प्रणालीला टेकून बसली होती. मिनाज तिच्या तोंडाला बाटली लावून होती. सईच्याच पिशवीच्या पुढच्या कप्प्यातला आंब्याचा रस होता तो.

"काका, तिनं सांगिटलं," प्रणाली म्हणाली. "साखर उतरलीया म्हणाली. पुढच्या कप्प्यातलं द्या म्हणाली. दिलं." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "आता काय करू?"

मी तोंड उघडलं. सईनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं आणि पुडा हातात धरून उभा राहिलो.

"आता थांबायचं," सई म्हणाली. शब्द जड येत होते. "थोड्या वेळानं बघायचं. मग खायचं."

आम्ही थांबलो. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. आक्कांनी घरातून भाकरी आणि दूध पाठवलं. ती खायला लागली तेव्हा प्रणाली तिच्याकडं निरखून बघत म्हणाली, "आमची म्हस व्याल्यावर एकदा अशीच बसली हुती. कान गार, अंग कापतंय. डॉक्टरानं शिरेतनं औषध सोडलं तवा उठून वैरण खाया लागली."

"मला म्हस म्हणालीस?" सईनं विचारलं.

"लई गुणाची म्हस हाय ती."

सईला हसू आलं, खाता खाता ठसका लागला. पण मिनाज हसत नव्हती. ती बाटलीचं टोपण घट्ट धरून बसली होती.

"माझ्या वाढदिवसाला मी तुला केक भरवला," ती म्हणाली. "नको म्हणत होतीस तरी भरवला. सगळ्यांनी धरून. तेव्हा काय केलंस?"

"बाथरूममध्ये जाऊन सुई घेतली."

"मला माझ्या घरातलं सगळं तुला सांगता येतंय. अम्मी-अब्बांचं भांडण झालं तरी तुलाच सांगतो मी. आणि तुला हे सांगता आलं नाही? तुला काही झालं असतं तर मी आयुष्यभर..." ती उठून ओढ्याकडं गेली.

सई तिच्यामागं गेली. ओढ्याच्या काठी दोघी पाठमोऱ्या बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. तात्या माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "पावणं, गुडघा धुवून घ्या," म्हणाले. मी धुतला. मला तिकडं जायचं होतं आणि तिकडं माझं काही काम नव्हतं.

दुपारी परतताना तिघी व्हॅनच्या मागच्या बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. सईनं साखर तपासायचं यंत्र काढलं, प्रत्येकीसाठी नवी सुई लावली आणि प्रणालीनं बोटाला टोचून घेताना जो आरडाओरडा केला तो मागच्या ट्रॉलीवाल्यालाही ऐकू गेला असेल. मिनाजनं न ओरडता टोचून घेतलं. मग तिनं आपल्या फोनवर सईच्या जेवणाच्या वेळांचे गजर लावले. "काका, तुम्ही पण ऐका," म्हणाली. मी ते ऐकून निवांत व्हायला हवं होतं. झालो नाही. उलट वाटलं, आता दोन पोरींच्या हातात आहे सगळं, आणि त्यांना हे समजून अजून सूर्यही मावळला नाही.

महोत्सवाचा माळ

महिन्याभरानं निघालो. सातारा सोडून डोंगर चढल्यावर, धरणाच्या फुगवट्याला लागून एक सपाट माळ. लांबूनच तंबू दिसले. लाल, पिवळे, निळे, एका ओळीत.

मला आठवली जोतिबाची यात्रा. आमच्याकडंही माणसं डोंगरावर गाड्या सोडून, पाल ठोकून राहतात. तीन दगडांची चूल, गुलालानं रंगलेली पोरं, सासनकाठ्या, रात्रभर ढोल. इथं गुलाल नव्हता, पण गालांवर चमकी लावलेली पोरं होती. ढोलाऐवजी एवढाले काळे खोके, आणि त्यांचा ठोका छातीत बसत होता. यात्रेत कुणी एकटं नसतं. सगळं घर, सगळी भावकी, म्हातारी आणि तान्हं बाळही असतं. इथं एकही म्हातारं माणूस दिसेना. मीच होतो. दारावरच्या एका पोरानं मला "सर, तुम्ही आर्टिस्ट का?" असं विचारलं. मी बंडी घातली होती, त्यामुळं झालं असेल.

खायच्या गाड्यांवर मी नजर फिरवून घेतली. सईला काय चालेल? एका ठिकाणी काळ्या पावात काहीतरी हिरवं घालून देत होते. एका ठिकाणी मिसळ होती. ती बघून मला बरं वाटलं, आणि तिचा फिका कट बघून ते बरं वाटणं गेलं. वैद्यकीय मदतीचा तंबू कुठं आहे ते मी दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारायला गेलो तेव्हा सईनं माझा दंड धरला.

"बाबा, आता जावा."

"तंबू उभा होईपर्यंत थांबतो."

"झाला उभा." खरंच झाला होता. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला होतं.

"रोज फोन—"

"मी करतो. तुम्ही करायचा नाही. आणि बाबा, कोल्हापूरला जायचं. साताऱ्यात राहायचं नाही."

"साताऱ्यात माझं काय काम?" मी म्हणालो. ती दोघींबरोबर पोरापोरींच्या घोळक्यात मिसळली. घोळका त्या ठोक्याच्या दिशेनं गेला आणि थोड्या वेळानं मला कुठली पाठ सईची ते ओळखता येईना.

कराड

साताऱ्यात मी राहिलो नाही. कराडला राहिलो. तिथल्या एका व्यापाऱ्याकडं मांडवाचं कापड बघायचं होतं. वैशालीला तसं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कापड काय, दोन दिवस बघताय होय?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीतिसंगमावर बसलो होतो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात ती जागा. एरवी बघत राहावं असं पाणी. मी फोनकडं बघत होतो. सकाळी सईचा निरोप आला होता, 'सगळं ठीक.' त्यानंतर काही नाही. मी घाटाच्या पायऱ्या उतरलो, चढलो, भेळ घेतली, दोन घास खाऊन कुत्र्याला घातली. गाडी मी उत्तरेकडं, साताऱ्याच्या दिशेनं तोंड करून लावली होती. चुकून नव्हे.

तेवढ्यात सईचा फोन आला.

"बाबा, मी बरी आहे. आधी ते सांगतो. माझी साखर पण आत्ताच बघितली, बरोबर आहे."

"मग काय झालंय?"

"मिनाजला त्रास झाला. सकाळपासून उन्हात होती, पाणीच प्यायली नाही, वर ते हिरवं पावातलं खाल्लं. उलट्या झाल्या, मग चक्कर आली. आम्ही तिला डॉक्टरांच्या तंबूत आणलंय. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, संध्याकाळपर्यंत उठून बसेल. ती सलाईनच्या मोठ्या सुईला घाबरत होती, मी हात धरून बसलो."

"आणि तुझं ते... ज्याच्यासाठी गेलीस, ते गाणं?"

"ते चाललंय आत्ता. ऐकू येतंय इथं." मागून खरंच तो ठोका येत होता. "प्रणालीला पाठवलं ऐकायला. ती जात नव्हती, ढकलून पाठवलं. बाबा, एक विचारायचं होतं."

"विचार."

"मिनाजच्या घरी फोन करायचाय. तिची अम्मी लई घाबरते. कसं सांगू? तुम्हाला कसं सांगितलं की बरं वाटतंय?"

इतकी वर्षं मी घाबरत होतो. त्याचा असा उपयोग कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

"आधी मिनाजला बोलू दे," मी म्हणालो. "एकच वाक्य का असेना, तिचा आवाज ऐकू दे. मग झालं ते सगळं सांग. लपवू नको काही. लपवलेलं आवाजात कळतं. आणि डॉक्टरांना फोन दे."

"येऊ नका म्हणून सांगू का?"

"तू नको सांगू. त्यांना विचार, काय वाटतंय."

"बरं. ठेवतो. जेवायची वेळ झाली माझी."

फोन ठेवून मी गाडीत जाऊन बसलो. किल्ली लावली. उत्तरेकडं रस्ता मोकळा होता. सहज पोचलो असतो. इंजिन चालू करून मी बसून राहिलो. मग सलीमभाईंचा फोन आला.

"विलासराव, पोरीनं सांगिटलं. मिनाज पण बोलली. डॉक्टर पण बोललं. पण हिचा जीव ऱ्हाईना झालाय. मी गाडी काढू का? तुम्ही चला म्हणत असला तर दोघं जाऊया. तुम्ही कुठं हाईसा?"

मी नदीकडं बघितलं. हो म्हणायला काहीच लागलं नसतं. मी कराडात, ते कोल्हापुरात. मी पुढं जातो म्हणालो असतो तर ते माझे उपकार मानत बसले असते. पण मला सईचा आवाज ऐकू येत होता. घाबरलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे. तो तसा नव्हता.

"सलीमभाई, मिनाजच्या आवाजावरनं तुम्हाला काय वाटलं?"

"आवाज बरा हुता. मलाच दम देत हुती, येऊ नका म्हणून."

"सई तिच्याजवळ आहे. प्रणाली आहे. डॉक्टर आहे. आपण जाऊन काय करणार? गर्दीत उभं राहणार. संध्याकाळी परत बोला तिच्याशी. तेव्हाही वाटलं तर बघू."

"मग तुम्ही न्हाई जात?"

"नाही," मी म्हणालो. "मी घराकडं निघालोय."

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही न्हाई जात म्हंजे मग ठीक हाय."

बोलल्यावर निघणं भाग होतं. मी गाडी वळवली. महामार्गावर आलो, उसाच्या ट्रॉल्या मागं टाकत दक्षिणेकडं लागलो. पेठच्या पुढं एका ढाब्याशी आपोआप थांबलो. काल दुपारपासून पोटात धड काही गेलं नव्हतं, हे आत्ता कळलं. भाकरी, झुणका, ठेचा मागवला. ताट आलं आणि वैशालीचा फोन आला.

"सईचा फोन आला होता," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. तुम्ही गेलासा का तिकडं?"

"नाही."

"मग कुठं आहात?"

"पेठच्या पुढं. जेवतोय."

ती म्हणाली, "सावकाश जेवा."